आपत्कालीन सेवेतली वैद्यकीय भाषा कशी शिकावी? (मराठी माध्यम, कला शाखा)

घाटवाट

नमस्कार मंडळी. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनच्या बेसिक कोर्सला प्रवेश घेतला आहे. शाळा मराठी माध्यमाची, पुढे इतिहास घेऊन बी. ए. हाताची कामं जमतात. सीपीआर, स्प्लिंट, स्पाइन बोर्ड, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलणं, यात अडचण नाही. गाडी अडते ती शब्दांपाशी. पुस्तकाच्या शेवटी लांबलचक शब्दसूची आहे. टॅकिकार्डिया, टॅकिप्निया, डिस्प्निया, डिस्फेजिया, सगळी सख्खी भावंडं वाटतात. सर म्हणतात पाठ करा. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो. खरोखर किती शब्द लागतात? सुरुवात कुठून करावी? आणि रुग्ण मराठीत बोलणार, मी फॉर्म इंग्रजीत भरणार, डॉक्टरांना मिसळीच्या भाषेत सांगणार, हा सांधा कसा जुळवायचा?

कॅज्युअल्टीताई

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, बाकीचे दोन त्यातच सुटतील.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. स्ट्रेचर दारात आलं की नातेवाईक एकच वाक्य सांगतात, "झटका आला." या झटक्याचे आमच्याकडे चार अर्थ. छातीत दुखून कोसळला तो झटका, हातपाय आखडून तोंडाला फेस आला तो झटका, एक बाजू लुळी पडली तो झटका, आणि विहिरीवरची मोटार चालू करताना बसला तोही झटकाच. चौघांवरचे उपचार चार दिशांना जातात. "अटॅक" म्हटलं तरी सुटका नाही, लकव्यालाही लोक पॅरालिसिसचा अटॅक म्हणतात. तेव्हा झटक्याला इंग्रजी शब्द शोधत बसू नकोस. विचार, काय दिसलं ते सांगा. हातपाय झटकत होता का? दातखीळ बसली होती? कपड्यात लघवी झाली? किती वेळ चाललं? थांबल्यावर लगेच नीट बोलला की गुंगीत होता? ही उत्तरं मिळाली की सीझर (आकडी), सिंकोप (शुद्ध हरपणं), स्ट्रोक (लकवा) यांतलं काय लिहायचं ते उमगायला लागतं. आणि नाही उमगलं तर जे दिसलं तेच लिही. आम्हाला चालतं.

"चक्कर आली" हेही तसंच. घर फिरल्यासारखं वाटलं, की डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली पडला? पहिलं व्हर्टायगो, दुसरं सिंकोप. "पिशवीचं ऑपरेशन झालंय" असं बाई म्हणाल्या तर कुठली पिशवी ते विचार. गर्भपिशवी काढली असेल तर हिस्टरेक्टमी, पित्ताची काढली असेल तर कोलेसिस्टेक्टमी. पोटदुखीच्या बाईच्या बाबतीत या दोन पिशव्यांनी सगळा विचार बदलतो.

आणि "गॅस झालाय". माझ्या मते महाराष्ट्रातला सगळ्यात धोक्याचा शब्द हाच. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ असा येतो. शुगरच्या पेशंटला तर कधीकधी दुखतही नाही, नुसता घाम फुटतो. पन्नाशीचा माणूस, शर्ट घामाने चिंब, हात बेंबीच्या वर, आणि घरचे सोडा पाजतायत. तू कागदावर "अ‍ॅसिडिटी" लिहू नकोस. "एपिगॅस्ट्रिक पेन, स्वेटिंग, के/सी/ओ डीएम" (पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, घाम, आधीपासून शुगर) एवढं लिही, वेळ टाक आणि गाडी हलव.

शब्दवेल्हाळ

ताईंचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी वैद्यकातला नाही, संस्कृत शिकवून निवृत्त झालो. पण घाटवाट यांना सख्ख्या भावंडांचा त्रास होतोय म्हणून सांगतो, ही भावंडं आपल्याही नात्यातली आहेत.

ग्रीक आणि संस्कृत एकाच मुळाच्या भाषा. "हायपर" म्हणजे आपलं "उपरि", वर, जास्त. "हायपो" म्हणजे "उप", खाली, कमी. "डिस्" म्हणजे "दुस्", जो दुष्कर, दुःसह, दुर्गंध यांत आहे; म्हणून डिस्प्निया म्हणजे कष्टाचा श्वास. अप्निया, अनेमिया यांतला "अ/अन्" आपल्या अशक्त, अनावर यांतलाच. "पेरी" म्हणजे "परि", भोवती. हृदयाभोवतीचं आवरण ते पेरिकार्डियम, आणि "कार्डिया" व "हृद्" हीसुद्धा एकाच मूळ शब्दाची लेकरं. "हेमी" म्हणजे "सामि", अर्धा. "पॉली" म्हणजे "पुरु", पुष्कळ. "ऑस्टिओ" म्हणजे "अस्थि". "एंटेरो" म्हणजे "आंत्र", आतडं.

ओढूनताणून लावलेली ही साम्यं नाहीत, भाषाशास्त्रात सर्वमान्य आहेत. मात्र हुरळून जाऊ नका. पीडिअ‍ॅट्रिकमध्ये "पाद" शोधाल तर फसाल, तिथे ग्रीक मूल आहे. आणि "हेमी" म्हणजे अर्धा पण "हिमो/हेमॅटो" म्हणजे रक्त. हेमिप्लेजियात रक्ताचा संबंध नाही, अर्धं अंग लुळं. "टॅकी" वेगवान आणि "ब्रॅडी" मंद, या दोघांना संस्कृतात सोयीचा भाऊ नाही. हे सरळ पाठ करा.

चहाबिस्कीट

टॅकी म्हणजे गच्चीवरची नव्हे हे आज कळलं. काका, दंडवत घ्या.

गाडीवरचा_वैद्य

काका, व्युत्पत्ती झकास. आयुर्वेदाचा विद्यार्थी म्हणून दुप्पट आवडली. तरी घाटवाटला थोडं थंड पाणी मारतो.

मी १०८ वर होतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, २३३ अ‍ॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक. आपल्याकडचं वेगळेपण म्हणजे गाडीत डॉक्टर असतो, बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस. चालकाला आम्ही पायलट म्हणतो. इतर बऱ्याच राज्यांत डॉक्टरचं हे काम टेक्निशियन करतो. त्यामुळे तू कुठेही लागलास, कारखान्यात, मॅरेथॉनला, खासगी रुग्णवाहिकेवर, तरी तुझं बोलणं शेवटी कुणातरी डॉक्टरच्या किंवा सिस्टरच्या कानावर पडणार. तिथे भारी शब्दाने कुणी प्रभावित होत नाही.

"पेशंट टॅकिप्निक आहे" हे ऐकून मला काय कळतं? २२ पण टॅकिप्निया आणि ४४ पण टॅकिप्नियाच. "श्वास ३६, बरगड्या आत ओढल्या जातायत, एका दमात दोनच शब्द बोलतो" हे ऐकलं की मी ऑक्सिजन उघडायला उठतो. आकडा असेल तिथे आकडा सांग. शब्द लागतात ते आकड्याची जागा ओळखायला. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०, नाडी ६० ते १००, शुगर ७० च्या खाली म्हणजे हायपोग्लायसेमिया. हे डोक्यात बसलं की टॅकी, ब्रॅडी, हायपो, हायपर ही त्या आकड्यांच्या दोन्ही बाजूंची नावं होतात. पाठांतर लागत नाही.

क्रम विचारलास म्हणून सांगतो, सूची ए पासून झेडपर्यंत वाचू नकोस. तपासतोस त्या क्रमाने शीक. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू, मग उरलेलं अंग. एका वेळी एक जागा. -एक्टमी, -ऑस्टमी, -प्लास्टी ही ऑपरेशनची शेपटं शेवटी ठेव. रस्त्यावर ती फक्त जुनी फाइल वाचताना भेटतात.

दोन जोड्या मात्र पहिल्याच दिवशी वेगळ्या कर. हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडलेला असतो, माणूस बहुतेक वेळा जागा असतो, बोलतो, घाबरलेला असतो. अरेस्टमध्ये नाडी नाही, प्रतिसाद नाही. याच ठिकाणी एक मराठी शब्द घात करतो, "घरघर". नातेवाईक सांगतात, श्वास चालू आहे की, घरघर ऐकू येतेय. प्रतिसाद नाही आणि मधूनच उचकीसारखा, आचके दिल्यासारखा श्वास येतो, तो श्वास धरायचा नाही. त्याला अ‍ॅगोनल ब्रीदिंग म्हणतात, अरेस्टनंतर पहिल्या काही मिनिटांत पुष्कळांमध्ये दिसतं. छातीवर हात ठेव आणि दाबायला लाग, मिनिटाला १०० ते १२०, निदान ५ सेंटिमीटर खोल.

दुसरी जोडी, लोकांचा शॉक आणि आपला शॉक. लोकांचा म्हणजे वायरचा, किंवा वाईट बातमीचा. आपला म्हणजे शरीरभर पुरेसं रक्त पोचत नाही अशी अवस्था. हातपाय गार, घामट, नाडी वेगात आणि बारीक, माणूस अस्वस्थ. बीपी उतरण्याआधी हे दिसतं. "बीपी नॉर्मल आहे म्हणजे शॉक नाही" हे वाक्य विसरून जा.

घाटवाट

ताई, काका, डॉक, खूप आभार. आकड्यांचं पटलं. आता शुद्धीचं सांगा. ए-व्ही-पी-यू आणि जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, शुद्धीचे गुण) दोन्ही शिकवलंय. परीक्षेत जीसीएस येतो, पण सर म्हणतात रस्त्यावर पहिलं वापरा.

सह्यधार

सर बरोबर आहेत. आमच्या डोंगरातल्या बचाव गटात सगळे डॉक्टर नसतात. कुणी बँकेत, कुणी दुकानात. त्यांच्यासाठी आम्ही ए-व्ही-पी-यू चं मराठी केलंय: जा-हा-चि-का. जागा आहे, हाकेला ओ देतो, चिमट्याला हलतो, काहीच नाही. अंधारात, पावसात, दोरावर लटकलेला माणूससुद्धा हे विसरत नाही. खाली गाडीपाशी पोचल्यावर डॉक्टर जीसीएस काढतातच.

माझ्याकडून दिशांचे शब्द. आमच्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचे ठरतात. डावं-उजवं नेहमी रुग्णाचं, आपलं नाही. तो उताणा असो, पालथा असो, कड्यावर उलटा अडकलेला असो. प्रॉक्सिमल म्हणजे धडाच्या जवळची बाजू, डिस्टल म्हणजे लांबची. कोपर मनगटाच्या प्रॉक्सिमल. उताणा म्हणजे सुपाइन, पालथा म्हणजे प्रोन. "पायाला लागलंय" यात मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, टाच सगळं येतं. मराठीत अवयवांची नावं भरपूर आहेत, ती तरी वापरावीत. "उजवी नडगी, घोट्याच्या चार बोटं वर, वेडीवाकडी" हे कुठल्याही इंग्रजी शब्दाइतकंच नेमकं आहे.

वॉकी-टॉकीवर हायपो आणि हायपर बोलू नये. वाऱ्यात दोन्ही सारखे ऐकू येतात. "शुगर कमी, ५२" म्हणायचं. डिस्फेजिया आणि डिस्फेझिया हे तर शांत खोलीतही फसवतात. पहिल्यात गिळता येत नाही, दुसऱ्यात बोलता येत नाही. आम्ही सरळ "गिळता येत नाही" म्हणतो.

गाडीवरचा_वैद्य

जा-हा-चि-का उचलतोय, परवानगी गृहीत.

जीसीएसबद्दल थोडं. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी मांडला, म्हणून ते नाव. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५. सगळ्यात कमी ३ असतो, शून्य नाही. बाकावर बसवलेल्या दगडालाही ३ मिळतात, असं आमचे सर म्हणायचे. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे श्वासमार्ग तो स्वतः सांभाळू शकेल याचा भरवसा नाही. सांगताना बेरीज नुसती देऊ नकोस, तुकडे दे: "डोळे २, बोलणं ३, हालचाल ५." बेरीज दहा अनेक वाटांनी होते, आणि प्रत्येक वाटेचा पेशंट वेगळा असतो.

न्यूजर्सीची_वहिनी

इथे न्यू जर्सीत गावोगावी स्वयंसेवकांची अ‍ॅम्ब्युलन्स पथकं आहेत, मुलं मोठी झाल्यावर मी त्यातल्या एकात जाऊ लागले. अमेरिकेत चार पायऱ्या: इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर, मग ईएमटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड ईएमटी, शेवटी पॅरामेडिक. मी दुसऱ्या पायरीवर. इंग्रजी माध्यमात शिकूनही मला या शब्दांनी घाम फोडला होता, तेव्हा घाटवाट, हा प्रश्न माध्यमाचा कमी आहे असं समजा.

सह्यधार म्हणतात ते इथे धोरण म्हणून आलंय. ११ सप्टेंबर २००१ च्या वेळी पोलिस, अग्निशमन आणि इतर पथकांना एकमेकांशी बोलणं जड गेलं. त्यानंतर २००६ पासून, अनेक यंत्रणा एकत्र येतात अशा घटनांत कोड न वापरता साधी भाषा वापरणं ही संघीय निधीसाठी अटच झाली. टेन-फोर वगैरे वायरलेसचे कोड तिथे चालत नाहीत. संक्षेपांचंही तसंच. सीपी म्हणजे छातीतलं दुखणं की सेरेब्रल पाल्सी? एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मायट्रल स्टेनोसिस की मॉर्फिन? रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या इथल्या संस्थेने युनिटसाठी "यू" लिहायला मनाई केली आहे, कारण घाईच्या अक्षरात तो शून्य दिसतो आणि इन्सुलिनचा डोस दहापट होतो.

खरं सांगायचं ते वेगळंच. आपल्याकडून मुलांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांसाठी मला दुभाषी म्हणून हाक येते. आजी म्हणतात, "जीव घाबरतोय." नातू भाषांतर करतो, शी इज स्केअर्ड. पॅरामेडिक तिला धीर देतो, मॉनिटर लावायला उशीर होतो. जीव घाबरतोय म्हणजे आजींना भीती वाटतेय असं नाही. छातीत धडधड, श्वास अपुरा, घाम, काहीतरी बिनसल्याची जाणीव, यातलं काहीही. "कसंतरी होतंय" हे त्याहून कठीण. अशा वेळी मी भाषांतर करतच नाही. आधी विचारते, धडधडतंय का, दम लागतोय का, दुखतंय का, मळमळतंय का. आजी मान हलवतील ते सांगते.

कॅज्युअल्टीताई

वहिनी, अगदी. यासाठीच मी नव्या मुलींना सहा "क" शिकवते. इंग्रजी पुस्तकात ओ-पी-क्यू-आर-एस-टी असतं, आपल्याला मराठीत ते फार सोपं पडतं. काय करत असताना सुरू झालं, कशाने वाढतं-कमी होतं, कसं दुखतं, कुठे सरकतं, किती दुखतं, किती वेळ झाला. "कसं" ला मराठी पेशंट फार छान उत्तर देतो, फक्त त्याचे शब्द ओळखायला हवेत. कळ येते, ठणकतं, टोचतं, आवळल्यासारखं, चमक निघते, मुरडा येतो, जळजळतं. "छातीवर दगड ठेवलाय" आणि "श्वास घेतला की टोचतं" या दोघांना दोन वेगळ्या खाटा मिळतात. कागदावर त्याचेच शब्द अवतरणात लिही, देवनागरीत लिहिलेस तरी कुणी फाडून टाकत नाही.

औषधांची नावं पेशंटला येत नाहीत. "रक्त पातळ व्हायची गोळी", "जिभेखाली ठेवायची गोळी", "स्प्रिंग टाकलीये" (म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट) असं तो सांगतो. रक्त पातळ करणारी गोळी आणि डोक्याला मार, हे दोन्ही एकत्र आले की पेशंट कितीही छान बोलत असला तरी ते मला दारातच सांग.

शब्दवेल्हाळ

एक शंका. लोकांचे शब्द इतके नेमके आहेत आणि भाषा संचालनालयाने परिभाषा कोशही काढले आहेत, मग फॉर्म मराठीत का नकोत? सुपाइनला "उत्तान", डिस्टलला "दूरस्थ". विद्यार्थ्याचं निम्मं ओझं उतरेल.

गाडीवरचा_वैद्य

काका, मनापासून पटतं आणि तरी नको वाटतं. आमच्या चरकात श्वासाचे पाच प्रकार आहेत, महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. छिन्नश्वासाचं वर्णन वाचताना मला चेन-स्टोक्स ब्रीदिंग, म्हणजे वाढत जाऊन कमी होणारा आणि मधेच थांबणारा श्वास, डोळ्यांसमोर येतं. पण मी फॉर्मवर छिन्नश्वास लिहिला तर रेफर झालेल्या रुग्णालयातला केरळचा निवासी डॉक्टर काय वाचणार? कोल्हापूरचा पेशंट बेळगावला जातो, गोंदियाचा रायपूरला, सिंधुदुर्गचा गोव्याला. कागद त्याच्यासोबत सीमा ओलांडतो. "दूरस्थ" तर आमच्या मराठी सिस्टरलाही आधी इंग्रजी करूनच कळेल. बोलताना नडगी, लिहिताना टिबिया. दोन्ही यायला हवं, त्याला इलाज नाही.

शब्दवेल्हाळ

हरलो असं म्हणणार नाही. शिकवताना तरी मराठी वापरा, एवढंच. जा-हा-चि-का नेमकं तेच करतं.

किनाऱ्यावरून

गोव्यातून लिहितोय, समुद्रावर जीवरक्षक आहे. आमच्या कामात उलटा प्रकार: काही इंग्रजी शब्द विसरायला शिकवतात. "नियर ड्राउनिंग", "ड्राय ड्राउनिंग", "सेकंडरी ड्राउनिंग" हे २००२ च्या अ‍ॅमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेपासून बाद आहेत. व्याख्या अशी ठरली की पाण्याखाली गेल्याने किंवा पाण्यात असल्याने श्वासाला अडथळा येणं म्हणजे ड्राउनिंग. मग तो वाचला, आजारी पडला की गेला, हा त्याचा परिणाम. आपल्याकडे "बुडाला" म्हटलं की मेलाच असं घरचे समजतात आणि हंबरडा फुटतो. म्हणून त्यांच्याशी बोलताना "पाण्यातून काढलाय, श्वास आहे, खोकतोय" असं सांगतो.

बुडालेल्याला सीपीआर देताना आधी श्वास, मग छाती. तिथे मूळ अडचण हवेची आहे. आणि पोट दाबून पाणी काढू नका, कृपया. पर्यटकांतले काका दर मोसमात ते करायला धावतात.

रानजाई

कोकणातली आशा कार्यकर्ती. हा धागा मैत्रिणींना पाठवला. आमच्याकडचे दोन शब्द शहरातल्या मुलांना माहीत नसतील. "पान लागलं" म्हणजे साप चावला. रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेत नाहीत. "जनावर डसलं" म्हणजेही सापच, कुत्रा किंवा बिबट्या नव्हे. फोनवर "पान लागलंय" ऐकून पलीकडचा माणूस विडा-सुपारी समजला तर पंचाईत.

आम्हाला शिकवलंय की सापाच्या नावापेक्षा खुणा सांगा. पापण्या जड होऊन खाली येतायत, बोलणं अडखळतंय, गिळता येत नाही, तर नाग किंवा मण्यार असू शकतो. डॉक्टर पापणीच्या त्या खुणेला टोसिस म्हणतात. हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, चावल्या जागी मोठी सूज, तर घोणस किंवा फुरसं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, जागा दुखत नाही, सुजत नाही, पहाटे पोटात कळा येतात आणि घरचे ओवा देतात. आपल्याकडचं प्रतिविष या चौघांवर चालतं, त्यामुळे साप पकडून आणायची गरज नाही. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चावल्याची वेळ लिहायची.

विंचवाचंही सांगते. लाल विंचू चावून घाम, उलट्या, हातपाय गार पडले तर ते नुसतं दुखणं नव्हे, हृदयावर येतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला तो याच विंचवासाठी. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या उपकेंद्रात पेढे वाटले होते.

घाटवाट

रानजाई, "पान लागलं" खरंच माहीत नव्हतं, आणि मी साताऱ्याचा.

आता एक उतारा लिहून बघतो. वर्गात दिलेला सराव आहे, दुचाकी घसरल्याचा. आरटीए म्हणजे रस्त्यावरचा अपघात, फीमर म्हणजे मांडीचं हाड, हायपोव्होलेमिक म्हणजे रक्त कमी पडून, व्हायटल्स म्हणजे नाडी-श्वास-बीपी. तपासा.

"आरटीए, पुरुष ४५, राइट फीमर फ्रॅक्चर, हायपोव्होलेमिक शॉकची शक्यता, टॅकिकार्डिक, व्हायटल्स स्टेबल, स्प्लिंट केलंय."

गाडीवरचा_वैद्य

शब्द सगळे बरोबर लिहिलेस, आणि मला काहीच कळलं नाही. शॉकची शक्यता आहे तर व्हायटल्स स्टेबल कसे? "स्टेबल" हा शब्द वर्षभर वापरू नकोस. फ्रॅक्चर एक्स-रे सांगेल, तुला काय दिसलं? आणि कसा पडला, हेल्मेट होतं का, ते कुठे आहे?

सैन्यातून आलेला एक साचा वापर, मिस्ट: कसं घडलं, काय इजा दिसल्या, खुणा आणि आकडे, काय केलं. बघ:

"पुरुष, अंदाजे ४५. साधारण वीस मिनिटांपूर्वी दुचाकी घसरली, हेल्मेट नव्हतं, शुद्ध गेली नव्हती. उजवी मांडी मध्यावर वाकडी, सुजलेली, जखम उघडी नाही. डोक्याला, पोटाला मार दिसत नाही. जागा आहे, नीट बोलतो. नाडी ११८, श्वास २४, बीपी १०४ वर ७०, सॅच्युरेशन ९६. हात गार, घामट. मांडी स्प्लिंट केली, नंतर पावलाची नाडी लागते, बोटं हलवतो. ऑक्सिजन चालू. शुगर-बीपी नाही, औषध नाही, जेवण दुपारी दोनला."

अर्ध्या मिनिटात होतं. यात अवघड इंग्रजी शब्द जवळजवळ नाहीत, तरी मला शॉक दिसला. मांडीचं हाड बंद जखमेतसुद्धा लिटरभर, कधी दीड लिटर रक्त आत गिळतं, हे मला माहीत आहे. गार हात आणि ११८ सांगितलेस की जोड मी लावतो. फीमर, टॅकिकार्डिया हे तुला कळले पाहिजेत, कारण मी पुढे तेच बोलणार आहे आणि तुला मला सामान द्यायचं आहे.

सह्यधार

"नंतर पावलाची नाडी लागते" हे वाक्य लाखमोलाचं. स्प्लिंटच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बघायचं आणि दोन्ही सांगायचं.

घाटवाट

समजलं. पुन्हा लिहून काढतो. ताई, पुढच्या आठवड्यात प्रसूतीचा धडा आहे. ग्रॅव्हिडा, पॅरा वाचूनच धडकी भरली.

कॅज्युअल्टीताई

धडकी कसली, हे तुझ्या आजीला येतं. "कितवी खेप?" म्हणजे ग्रॅव्हिडा, कितव्यांदा दिवस गेलेत. पॅरा म्हणजे त्यातली किती बाळंतपणं झाली, एल म्हणजे जिवंत मुलं किती, ए म्हणजे किती वेळा पडलं किंवा पाडलं. तिसरी खेप, दोन बाळंतपणं, दोन्ही मुलं आहेत, तर आपल्याकडे जी-३ पी-२ एल-२ असं लिहितात. पहिलटकरीण म्हणजे प्रायमी. "दिवस भरलेत का" म्हणजे टर्म आहे का. "पाणी गेलं" म्हणजे पाणमोट फुटली; पाणी स्वच्छ होतं की हिरवट ते विचार, हिरवट म्हणजे बाळाने आत शी केली, त्याला मेकोनियम म्हणतात. कळा किती मिनिटांनी येतात ते घड्याळावर मोज, तिच्या सांगण्यावर जाऊ नकोस. खाली डोकं दिसायला लागलं आणि कळ गेली तरी मागे जात नाही, ते क्राउनिंग. मग गाडी बाजूला घे, आता रुग्णालय गाठायच्या नादी लागू नकोस.

दोन वेळा वेगवेगळ्या लिही, बाळ बाहेर आलं ती आणि वार (प्लासेंटा) पडली ती. वार अर्ध्या तासात पडली नाही किंवा रक्त थांबत नाही तर तेच सगळ्यात आधी सांग, बाळाचं वजन नंतर. आणि पडलेली वार फेकू नकोस, पिशवीत घालून आण. तिचा तुकडा आत राहिलाय का ते आम्हाला बघावं लागतं.